आधी व्याकरण, मग ड्रॅगन : कल्पनारम्य लेखकाच्या घडणीवर पटकथा लिहिताना

लेखकाच्या आयुष्यावर पटकथा लिहायला घेतली की पहिल्याच पानावर अडचण उभी राहते. लेखक दिवसभर बसलेला असतो. गवई गातो, खेळाडू धावतो, चित्रकार निदान रंग तरी फासतो. लेखक कागदाकडे बघतो, दोन ओळी खोडतो आणि उठून खिडकीपाशी जातो. त्यात तो कल्पनारम्य कथांचा लेखक असला तर दुसरी अडचण याहून मोठी. प्रेक्षकानं त्याची पुस्तकं वाचलेली असतात, निदान त्यांवरचे चित्रपट तरी पाहिलेले असतात. ही टेकडी म्हणजे तीच का, हा मित्र म्हणजे तोच का, अशा खुणा तो पहिल्या मिनिटापासून शोधत बसतो. पटकथाकारालाही त्या पेरायचा मोह होतो, कारण त्या फुकटात मिळतात आणि टाळ्या घेतात.

इथे शेवटपर्यंत एकच उदाहरण धरलं आहे, ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या जे. आर. आर. टॉल्किनचं. त्याच्या तरुणपणातल्या तारखा बारकाईनं माहीत आहेत आणि त्याच वर्षांवर २०१९ मध्ये ‘टॉल्किन’ हा ११२ मिनिटांचा चित्रपटही येऊन गेला आहे. दिग्दर्शक डोम कारुकोस्की, पटकथा डेव्हिड ग्लीसन आणि स्टीफन बेरेसफर्ड यांची, टॉल्किनच्या भूमिकेत निकोलस हौल्ट आणि त्याची प्रेयसी, पुढे पत्नी झालेल्या इडिथच्या भूमिकेत लिली कॉलिन्स. चित्रपट नेटका आहे, मैत्रीचे प्रसंग तर फार चांगले आहेत, पण त्याचे निर्णय तपासले की आपल्याला काय करायचं आणि काय टाळायचं, दोन्ही कळतं. लिहायला बसण्याआधी तो एकदा बघा. दुसऱ्यांदा बघताना हातात घड्याळ आणि वही ठेवा.

खिडकी ठरवा

टॉल्किन १८९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेनला जन्मला आणि १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये वारला. ८१ वर्षं दोन तासांत कोंबली की शोकसभेतलं भाषण तयार होतं. ‘घडणीची वर्षं’ म्हणायचं तर आधी दोन तारखा पक्क्या कराव्या लागतात. ज्या दिवसानंतर त्या मुलाला मागे फिरायला घर उरत नाही, तिथून सुरुवात. ज्या दिवशी काम सुरू होतं, तिथे शेवट. कीर्ती सुरू होते ती तारीख फार पुढची असते आणि घडणीशी तिचा संबंध नसतो.

या हिशेबानं सुरुवात १४ नोव्हेंबर १९०४. त्या दिवशी आई मेबल मधुमेहानं गेली, वय ३४. इन्सुलिनचे उपचार सुरू झाले १९२२ मध्ये, म्हणजे तेव्हा या आजारावर खरा इलाज नव्हता. वडील १८९६ मध्येच गेले होते. बारा वर्षांचा रोनाल्ड, म्हणजे आपला टॉल्किन, आणि त्याचा दहा वर्षांचा भाऊ हिलरी बर्मिंगहॅम ऑरेटरीचे कॅथलिक पाद्री फादर फ्रान्सिस मॉर्गन यांच्या पालकत्वाखाली आले. शेवट १९१६-१७ च्या हिवाळ्यात, जेव्हा आजारपणाच्या रजेवर असलेला तरुण आपल्या पुराणकथांचं पहिलं मोठं गद्य लिहायला बसतो. जेमतेम बारा वर्षं. पेलवतील एवढीच.

चित्रपट याच्या पुढे जातो. तो ‘द हॉबिट’च्या पहिल्या वाक्यापर्यंत पोचतो, म्हणजे १९३० च्या सुमारापर्यंत. का, हे उघड आहे: ते वाक्य सगळ्यांना ओळखीचं. पण या उडीत चौदा-पंधरा वर्षांची मेहनत गिळली जाते. मित्र गेले, दुःख झालं आणि त्यातून एक गोष्ट निघाली, असा सरळ हिशेब प्रेक्षक मनात मांडतो. दुःखातून गोष्ट इतक्या सरळ निघत नाही.

तारीखवही

पटकथेच्या आधी एक वही करा. तिच्यात चार रकाने: तारीख, घटना, हे कशावरून कळलं, आणि त्या वेळी हातात काय होतं. पहिले दोन सगळेच भरतात. तिसऱ्याकडे बरेच जण दुर्लक्ष करतात आणि चौथा कोणी आखतही नाही. खरा माल त्या चौथ्यात असतो.

‘हातात काय होतं’ म्हणजे त्या महिन्यात तो काय वाचत होता, काय लिहीत होता, कोणत्या भाषेच्या मागे होता. शाळेत असताना गॉथिक या लुप्त झालेल्या भाषेचं प्राथमिक पुस्तक. ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात फिनिश व्याकरण. लहानपणी मावस भावंडांबरोबर केलेल्या बनावट भाषा. हा रकाना भरला की कोणत्या दृश्यात टेबलावर काय ठेवायचं, हे कला दिग्दर्शकाला वेगळं सांगावं लागत नाही. रकाना महिनोन्‌महिने रिकामा राहिला, तर तो काळ पडद्यावर लांबवू नका.

तिसऱ्या रकान्यात पुराव्याचा दर्जा लिहा: त्याच दिवसाचं पत्र, सैन्यातली नोंद, की साठीनंतरची आठवण. हे तीन एकाच वजनाचे नसतात. चित्रपटात ‘सेलर डोअर’ (तळघराचं दार) या शब्दांच्या निव्वळ नादाची चर्चा तरुण टॉल्किनच्या तोंडी आहे. हे मत त्यानं जाहीरपणे मांडलं १९५५ च्या एका व्याख्यानात, वयाच्या ६३ व्या वर्षी. ते मागे नेणं चूक नाही. शब्दाच्या नादाचं वेड तरुणपणीही होतंच. फक्त आपण ते मागे नेलं, याची वहीत नोंद हवी. नाही तर तिसऱ्या खर्ड्यापर्यंत आपलीच रचलेली गोष्ट आपल्याला खरी वाटायला लागते, आणि तिच्यावर पुढचा मजला चढतो.

म्हणून त्याच वहीच्या मागच्या बाजूनं ‘रचलेलं’ अशी यादी सुरू करा. प्रत्येक काल्पनिक माणूस, हलवलेली तारीख, जोडलेली दोन माणसं, सगळं तिथे. चित्रपटातला खंदकातला शिपाई सॅम हॉजेस काल्पनिक आहे. आपल्या यादीत असा माणूस असेल तर त्याच्यापुढे तो कशासाठी आला, हे एका ओळीत लिहा. कारण लिहिता आलं नाही, तर माणूस काढा.

पानांचा हिशेब

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. ११० पानं धरा. वाटणी अशी जमते: बालपण १२, शाळा आणि मित्र २८, इडिथ २२, ऑक्सफर्ड आणि भाषा २०, युद्ध २०, युद्धानंतर ८. बालपणाला बाराच पानं का? कारण बालकलाकाराकडून मोठ्या नटाकडे जाताना प्रेक्षक एकदा दुरावतो. इथे तर चार मुलं एकाच वेळी मोठी होतात, म्हणजे चार चेहरे पुन्हा ओळखायचे. हा धक्का लवकर देऊन टाकलेला बरा.

धक्का कमी करायचा तर प्रत्येक मुलाला एक सवय द्या आणि ती मोठ्या नटाकडे तशीच सोपवा. एक जण बोलताना टेबलावर बोटांनी ताल धरतो, एकाला दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची खोड, असं काहीतरी. कपड्यांचे रंग वगैरे भानगडीत पडू नका, युद्ध सुरू झालं की सगळे एकाच रंगात येतात.

मित्रांच्या बाबतीत दुसरा खड्डा लेबलांचा. बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्स स्कूलमध्ये १९११ मध्ये जमलेली ही टोळी. आधी शाळेच्या ग्रंथालयात चोरून चहा, मग बॅरोज स्टोअर्सच्या चहाघरात बैठक. त्यावरून नाव ‘टी क्लब अँड बॅरोव्हियन सोसायटी’, थोडक्यात टी.सी.बी.एस. टॉल्किन, ख्रिस्तोफर वाइजमन, रॉबर्ट गिल्सन आणि जेफ्री बाख स्मिथ. चित्रपट यांना सोपं करतो: एक चित्रकार, एक संगीतकार, एक कवी. पटकन ओळखता येतात हे खरं, पण माणसं पत्त्यांसारखी होतात. वाइजमन गणिताचा विद्यार्थी होता, रग्बी खेळायचा, संगीतही जाणायचा आणि टॉल्किनशी धर्मावरून वाद घालायचा. गिल्सन खुद्द मुख्याध्यापकांचा मुलगा. कोणाला काय येतं यापेक्षा कोण कशावरून भांडतो, ते लिहा. चार मुलांतल्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीचं एक न मिटलेलं भांडण कागदावर असलं की संवाद आपोआप सुटतात.

लिहिणं दिसतं कसं

आता मूळ मुद्दा. या लेखकाची गंमत अशी, की त्याच्या कथांची सुरुवात राक्षसांपासून झाली नाही, शब्दांपासून झाली. आधी भाषा रचली, मग ती बोलणारी माणसं लागली, मग त्या माणसांना इतिहास लागला. म्हणून तो कुठून काय उचलतो हे शोधत बसण्यापेक्षा तो काम कसं करतो ते दाखवा. ‘अंगठी कशावरून सुचली’ याचं उत्तर तीन सेकंदांत संपतं. एका शब्दापाशी माणूस का अडला, यावर अख्खा प्रसंग उभा राहतो.

भाषेचं काम पडद्यावर आणायला तीन गोष्टी लागतात. आवाज: शब्द मोठ्यानं उच्चारला गेला पाहिजे, कागदावर दिसून भागत नाही. चूक: आधी एक शब्द बसत नाही, मग बदलतो, आणि बदलल्याचा फरक अडाण्यालाही ऐकू येतो. ऐकणारा: खोलीत असा कोणीतरी, ज्याला हा विषय कळत नाही पण माणूस कळतो.

सप्टेंबर १९१४ घ्या. पहिलं महायुद्ध सुरू होऊन दीड-दोन महिने झालेत. टॉल्किन नॉटिंगहॅमशरमध्ये गेडलिंगला, जेन मावशीच्या शेतावर आहे. ‘क्राइस्ट’ या जुन्या इंग्रजी काव्यातल्या एका ओळीतला ‘एआरेन्देल’ हा शब्द त्याला झपाटतो आणि त्यावर तो एक कविता लिहितो. पुढच्या सगळ्या पुराणकथांचं बी हेच. प्रसंग असा लिहिता येईल:

अंतर्गत. शेतघर, गेडलिंग. रात्र.

दिव्याच्या उजेडात उघडं पुस्तक. बाजूला गार झालेला चहा. टॉल्किन, २२, एका ओळीवर बोट ठेवून बसला आहे.

टॉल्किन : (पुटपुटत) एआला एआरेन्देल...

थांबतो. पुन्हा, या वेळी दुसऱ्या शब्दावर वजन देऊन.

टॉल्किन : एआरेन्देल.

जेन मावशी दारात उभी.

जेन : झोपला नाहीस अजून?

टॉल्किन : मावशी, हा शब्द बघ. या ओळीत बसत नाही.

जेन : चुकून पडलाय?

टॉल्किन : नाही. बाकीचे शब्द इथलेच आहेत. हा लांबून आलाय, आणि कोणी त्याला कुठून आलास म्हणून विचारलंच नाही.

जेन : शब्दकोश काय म्हणतो?

टॉल्किन : तेजस्वी प्रकाश. किरण. (पान मिटून) एवढ्यासाठी कोणी एवढं सुंदर नाव ठेवत नाही.

जेन कप उचलते. जाता जाता दिवा किंचित मोठा करून जाते.

यात ड्रॅगन नाही, जहाज नाही, तारा चमकत नाही. तरी हा माणूस पुढे काय करणार ते कळतं. संवादातला शेवटचा शब्द टॉल्किनचा आहे, पण प्रसंगाचा शेवट मावशीच्या हातात. तिनं दिवा मोठा केला म्हणजे तिला मुद्दा कळला नाही, पोरगा कळला. आता मागच्या यादीत नोंदी करा: मावशीशी संभाषण रचलेलं, ओळ वाचनात आधीच येऊन गेलेली होती, ती त्या रात्रीवर आणली, शेत, महिना आणि कविता खरी. याचीच दुसरी बाजू पुढे येते. स्मिथनं त्या कवितेबद्दल विचारलं, ही कशाविषयी आहे? टॉल्किन म्हणाला, मला माहीत नाही, शोधून काढतो. पटकथाकाराला असं उत्तर आयतं मिळणं म्हणजे भाग्य. ते कुठल्याही भाषणबाजीनं झाकू नका.

शिक्षकाचा प्रसंगही याच नियमानं. ऑक्सफर्डला प्राध्यापक जोसेफ राइट होते, चित्रपटात ती भूमिका डेरेक जेकबी यांनी केली आहे. राइट लहानपणापासून गिरणीत कामाला. पंधरा वर्षांचे होईपर्यंत त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. पुढे त्यांनी इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा शब्दकोश केला. टॉल्किननं शाळेत असताना वाचलेलं गॉथिकचं पुस्तकही त्यांचंच. इथे एक गोष्ट फुकट हाताशी येते: शाळेच्या प्रसंगात पुस्तकाच्या पाठीवर नाव दाखवा, चाळीस पानांनंतर त्याच नावाचा माणूस दार उघडतो. राइटच्या तोंडी भाषेच्या महतीचं व्याख्यान घालू नका. गिरणीत वाढलेल्या माणसाला शब्द म्हणजे कमाई वाटते, तसं बोलू द्या.

ड्रॅगन कुठे आणि किती

२०१९ च्या चित्रपटात आग ओकणाऱ्या शस्त्राच्या ज्वाळेतून ड्रॅगन उभा राहतो, धुरातून काळे घोडेस्वार निघतात. दिसायला जबरदस्त. पण प्रेक्षक त्या क्षणी टॉल्किनच्या डोक्यातून बाहेर पडतो आणि स्वतःच्या पुस्तकाच्या कपाटापाशी जाऊन उभा राहतो. १९१६ मधल्या माणसाला चाळीस वर्षांनंतरचं पुस्तक कसं आठवेल?

स्वतः टॉल्किनला रूपककथा आवडत नसे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या १९६६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यानं ते स्पष्ट लिहिलं आहे. त्याच वेळी, आपल्या कादंबरीतल्या मेलेल्यांच्या दलदलीवर सॉमच्या लढाईनंतरच्या उत्तर फ्रान्सचा काही प्रभाव आहे, हेही त्यानं एका पत्रात मान्य केलं. म्हणजे नातं आहे, पण जमिनीशी आणि वाऱ्याशी. या तोफेचा तो ड्रॅगन असं एकास एक नाही. पाण्यानं भरलेला खड्डा, त्यात आभाळ, आणि पाण्याखाली काहीतरी फिकट. इतकंच दाखवून थांबा.

भासच हवे असतील तर ते तापाचे करा, कारण ताप खरा आहे. टॉल्किनला २७ ऑक्टोबर १९१६ ला खंदकताप भरला. हा रोग अंगावरच्या उवांतून पसरतो, कारण एक जिवाणू. ताप बऱ्याचदा पाचेक दिवसांच्या अंतरानं लाटांसारखा येतो, त्यावरूनच त्या जिवाणूच्या नावात ‘पाचवा’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे. नडग्या ठणकतात, डोकं फुटतं. या लाटांवर दृश्यांची रचना बसवता येते: चढला की प्रतिमा, उतरला की साधं दृश्य. संपूर्ण पटकथेत असे तीनच भास ठेवा, प्रत्येक दहा सेकंदांच्या आत, आणि त्यातला एकही प्राणी पोस्टरवरून ओळखता येणारा नको. चौथा लिहावासा वाटला तर आधीच्या तिघांतला एक काढा. व्हीएफएक्सचा खर्च वाचतो, हा वरचा फायदा.

युद्ध : तारखांशी खेळताना

चित्रपटाची चौकट अशी: तापानं फणफणलेला टॉल्किन सॉमच्या खंदकांतून स्मिथला शोधत फिरतो आणि मधूनमधून मागचं आयुष्य आठवतं. आता तारीखवही उघडा. गिल्सन १ जुलै १९१६ ला पडला, त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० जवान जखमी, बेपत्ता वा ठार झाले, त्यांतले १९,२४० मेले. टॉल्किनची अकरावी लँकेशर फ्यूजिलियर्स पलटण त्या दिवशी राखीव होती. स्मिथ वेगळ्या पलटणीत. दोघे जुलैत आघाडीमागे भेटले. ८ नोव्हेंबरला टॉल्किन जहाजानं इंग्लंडला निघाला. स्मिथ जखमी झाला २९ नोव्हेंबरला, आघाडीमागच्या एका गावात रस्त्यानं चालताना तोफगोळा फुटून. जखम चिघळली आणि ३ डिसेंबरला तो गेला. टॉल्किन तेव्हा मायदेशी आजारी होता. बातमी कळवली वाइजमननं, पत्रानं.

आता दोन्ही ताटं समोर ठेवून बघा. एकीकडे चिखलातला शोध, दुसरीकडे गरम खोली, स्वच्छ चादर आणि टपालानं आलेला एक लिफाफा. पहिल्यात धावपळ आहे. दुसऱ्यात आपण वाचलो याची लाज आहे, आणि ती पुढची सगळी पानं ढकलते. हे दुसरंच निवडावं, असं आमचं ठाम मत. निर्माता ‘ॲक्शन कुठे आहे’ म्हणेलच. त्याला जुलैतली ओव्हिलेची लढाई द्या. टॉल्किन सिग्नलच्या कामावर होता, आणि सिग्नलचं काम पडद्यासाठी सोन्यासारखं आहे: दिवे, झेंडे, फील्ड टेलिफोन, संदेश घेऊन धावणारे शिपाई, कबुतरं. टेलिफोनच्या तारांवरचं बोलणं शत्रू ऐकत असल्यानं आघाडीजवळ त्यावर बंधनं होती. भाषांवर जीव टाकणारा माणूस अशा ठिकाणी उभा, जिथे प्रत्येक शब्द एकतर पोचत नाही किंवा नको त्याला पोचतो. याहून चांगला विरोधाभास रचूनही सापडणार नाही.

इडिथला वाट बघत बसवू नका

प्रेमकथेत ठरलेला घोटाळा: मुलगी खिडकीत, मुलगा जगात. इडिथ ब्रॅट टॉल्किनहून तीन वर्षांनी मोठी, पोरकी, उत्तम पियानो वाजवणारी. १९०८ पासून दोघं एकाच घरात भाड्यानं राहत होते. बर्मिंगहॅमच्या चहाघराच्या सज्जात बसून खालच्या लोकांच्या टोप्यांवर साखरेचे खडे टाकायचे, भांडं रिकामं झालं की पुढच्या टेबलावर सरकायचं. चित्रपटानं हा प्रसंग घेतला आहे आणि तो योग्यच घेतला.

फादर फ्रान्सिसनी २१ वर्षांचा होईपर्यंत भेटायला-लिहायला बंदी घातली. त्यांना खलनायक करू नका. परकी पोरं स्वतःच्या पैशानं सांभाळणारा माणूस होता तो. ३ जानेवारी १९१३ ला टॉल्किन २१ चा झाला आणि त्याच रात्री पत्र लिहिलं. तोवर इडिथचं लग्न दुसऱ्याशी ठरलं होतं. ८ जानेवारीला चेल्टनहॅममध्ये भेट झाली आणि तिनं ते लग्न मोडलं. त्यानंतर ती कॅथलिक झाली आणि त्यापायी राहतं घर सोडावं लागलं. धर्म वगळला की हे सगळं निव्वळ रुसवाफुगवा वाटतं. मेबलनं १९०० मध्ये कॅथलिक पंथ घेतला तेव्हा नातेवाइकांकडून येणारी मदत आटली होती. हे आधी बालपणाच्या बारा पानांतल्या एका पानात दाखवून ठेवा, म्हणजे इडिथनं काय पत्करलं ते न सांगता कळतं.

पुनर्मीलन युद्धावर निघण्याच्या क्षणी नेऊन ठेवायचा मोह आवरा. ते युद्ध सुरू होण्याच्या दीड वर्ष आधी घडलं, लग्न झालं २२ मार्च १९१६ ला वॉरिकमध्ये, आणि ४ जूनला तो फ्रान्सला निघाला. लग्न आणि प्रयाण यांच्यात दहा-अकरा आठवडे. स्टेशनवरच्या धावत्या चुंबनापेक्षा हे जास्त बोचतं.

तिला काम हवं असेल तर ते इतिहासातच आहे. सेन्सॉरमुळे पत्रात ठावठिकाणा लिहिता येत नसे, म्हणून टॉल्किननं ठिपक्यांची एक सांकेतिक खूण ठरवली होती. त्यावरून तो कुठे आहे ते इडिथ ओळखायची. तिनं भिंतीवर नकाशा लावला होता. क्लोजअप: पत्र, एका अक्षराखाली ठिपका, मग दुसरा. तिचं बोट ओळीवरून सरकतं, ओठ हलतात. मग नकाशा आणि टाचणी. दोन पानं, एकही संवाद नाही, आणि ‘भाषा’ हा विषय प्रेमाच्या बाजूनंही पुरा होतो.

हक्क

आयुष्यातल्या घटनांवर कोणाची मालकी नसते. पत्रं, कविता, कादंबऱ्या यांच्या शब्दांवर असते. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, म्हणजे टॉल्किनचे शब्द २०४३ च्या अखेरीपर्यंत संरक्षित. पत्रातला मजकूर जसाच्या तसा संवादात घालू नका, आशय घेऊन नवं वाक्य रचा. पात्रांची नावंही वापरू नका, त्यांची वेगळी कायदेशीर भानगड असते. २०१९ मध्ये चित्रपट येण्याआधी लेखकाच्या वारसांच्या संस्थेनं जाहीर केलं, की आपली याला मान्यता नाही आणि सहभागही नाही. चित्रपट तरी आला. पण पुस्तकांतलं काहीही न वापरता निभावायची तयारी पहिल्या खर्ड्यापासून लागते. पडद्यावर कविता म्हणायचीच असेल तर स्मिथची घ्या. तो १९१६ मध्ये गेला, त्याच्या कवितांचा संग्रह १९१८ मध्ये मित्रांनी छापला. मेलेल्या मित्राचे शब्द जिवंत मित्राच्या तोंडी, हे नाट्यही आपसूक साधतं. वकिलाला मागची ‘रचलेलं’ यादी दाखवा, तीच त्याला सगळ्यात आधी हवी असते.

मराठी संवाद आणि चाचणी

मराठीत लिहिताना शाळकरी मित्र एकमेकांना आडनावानं आणि ‘तू’ म्हणून बोलू देत: ‘वाइजमन, गप रे’. फादर आणि प्राध्यापक ‘तुम्ही’. १९११ चे म्हणून पेशवाई मराठी नको, तशी आजची कॉलेजकट्ट्यावरचीही नको. जुनी भाषा म्हणून मूळ शब्द येतील तिथे उच्चार देवनागरीत लिहून नटाला द्या. नायकाच्या नावाचा शेवट ‘कीन’ असा दीर्घ, आघात पहिल्या अक्षरावर, हेही टिपणात घाला.

खर्डा झाला की अशा माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा, ज्यानं त्या लेखकाचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. मध्ये थांबू नका, समजावून सांगू नका. मग तीन प्रश्न: याला काय जमत नव्हतं? ते जमायला लागलं कधी? चौघांतला कोण आठवतो आणि कशावरून? पहिल्या दोन्हींची उत्तरं ‘मित्र गेले’ अशी आली, तर भाषेची वीस पानं कमजोर आहेत, युद्धाची नव्हेत. नेमकं उलटं समजून लोक युद्ध वाढवतात. मग पुस्तकं पाठ असलेल्या एकाला वाचून दाखवा आणि तो कुठे कुठे ओळखीचं हसतो, तिथे पेन्सिलनं खूण करा. पाचांहून जास्त खुणा झाल्या तर उरलेल्या खोडा.

शेवटच्या पानासाठी एक वस्तू राखून ठेवा. फेब्रुवारी १९१७ मध्ये टॉल्किनच्या पहिल्या कथांपैकी एकीची स्वच्छ प्रत तयार झाली. वहीत ती उतरवून काढली इडिथनं. त्यावर १२ फेब्रुवारी ही तारीख आहे. तो शेजारी बसून वाचतो आहे, ती लिहिते आहे. एका नावापाशी तिचा हात थांबतो. ती विचारते, हे कसं लिहायचं? तो अक्षरं एकेक करून सांगतो. तिचा टाक चालू लागतो. कट.